टेकिन ऑफ

टेकिन ऑफ : अमेरिकन जॅझ पियानोवादक व संगीतकार हर्बी हॅन्कॉक (जन्म : 12 एप्रिल 1940, शिकागो) यांची वृंदनायक म्हणून पहिली ध्वनिमुद्रिका. ध्वनिमुद्रण 28 मे 1962 रोजी न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड क्लिफ्स येथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाले. ब्लू नोट कंपनीने ती त्याच वर्षी प्रकाशित केली. निर्माते आल्फ्रेड लायन.

पार्श्वभूमी : हॅन्कॉक यांचे प्रारंभीचे शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीताचे. ट्रंपेटवादक डॉनल्ड बर्ड यांच्या वृंदात शिरकाव झाल्यावर ते न्यूयॉर्कला आले. रचनांचे प्रकाशन हक्क स्वतःकडेच ठेवावेत, हा बर्ड यांचा सल्ला त्यांनी पाळला आणि कंपनीनेही अखेर तो मान्य केला.

वादक : पियानो – हॅन्कॉक, ट्रंपेट – फ्रेडी हबर्ड, टेनर सॅक्सोफोन – डेक्स्टर गॉर्डन, डबल बेस – बुच वॉरन, ड्रम्स – बिली हिगिन्स. नायक बावीस वर्षांचा, तर गॉर्डन हे 1940 च्या दशकापासून गाजलेले बीबॉपचे बुजुर्ग.

रचना : ‘वॉटरमेलन मॅन’, ‘थ्री बॅग्ज फुल’, ‘एम्प्टी पॉकेट्स’, ‘द मेझ’, ‘ड्रिफ्टिन’ आणि ‘अलोन अँड आय’. सहाही रचना हॅन्कॉक यांच्याच. प्रचलित गीतांचा आधार एकदाही घेतलेला नाही. शैली हार्ड बॉपची असून तिच्यात ब्लूज व गॉस्पेल यांचे रंग मिसळले आहेत.

‘वॉटरमेलन मॅन’ची कल्पना शिकागोच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या कलिंगडवाल्यावरून सुचली. दगडी फरसबंदीवर खडखडणाऱ्या त्याच्या गाडीच्या चाकांचा ठेका पियानोच्या आवर्ती स्वरावलीत उतरला आहे. ब्लूजचे आवर्तन एरवी 12 तालखंडांचे. येथे ते 16 तालखंडांचे आहे.

प्रभाव : क्यूबन तालवादक मोंगो सांतामारिया यांनी केलेले ‘वॉटरमेलन मॅन’चे लॅटिन ढंगाचे रूप 1963 मध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहांत पोहोचले. हक्क राखून ठेवल्यामुळे त्याची मिळकत हॅन्कॉक यांच्याकडे आली. त्याच वर्षी ते माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात दाखल झाले. 1973 च्या ‘हेड हंटर्स’मध्ये त्यांनी हीच रचना फंक शैलीत नव्याने बांधली. तिच्या आरंभी बिअरच्या बाटलीत फुंकून मध्य आफ्रिकेतील वनवासी लोकांच्या शिट्टीवादनाची नक्कल केली आहे.