सुभेदाराच्या मुलांनी मोजलेले दुप्पट भाडे

भिगवणच्या एसटी स्टँडवर माजी सैनिकांच्या तिकीट सवलतीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, "पेन्शन मिळते, मग सवलत कशाला?" अशा वेळी आम्ही १९०१ सालचा एक प्रवास सांगतो.

सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात नोकरीस होते. त्यांना भेटायला भीमराव आणि घरातली मुले साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. वर अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार! बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग आठवणींत लिहिला आहे.

सरकारने तरी काय दिले? १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला महार सैनिक लढले. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंटसाठी १९४१ उजाडावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो, सवलत ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. २०१८ पासून शहिदांच्या वीरपत्नींना एसटी प्रवास मोफत आहे. तरुणांनो, आपल्या वस्तीतल्या वीरपत्नीला तो मिळतो का, आजच विचारा. आणि लक्षात ठेवा, भाडे माफ करणे सरकारच्या हातात आहे. शेजारी मानाने बसवणे समाजाच्या. मसूरला पैसे होते, मान नव्हता.

जय भीम!