जुनेराचा बेत

तान्ह्या मुलांना जुन्या लुगड्याची झबली का शिवत, याचं ठरलेलं उत्तर गरिबी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं कापड खेड्यांतल्या बाजारापर्यंत पोचलं. निव्वळ काटकसरीचा मामला असता तर जुनेर तेव्हाच मागं पडायला हवं होतं. ते टिकलं, कारण गिरणीचं कोरं कापड खळीनं ताठ केलेलं असे. खळीत चिनी माती घालून त्याचं वजन वाढवण्याची चालही होती. असलं कापड बाळाच्या मानेला, काखेला काचतं. उलट सुती नऊवारी लुगडं वर्षानुवर्षं धोंड्यावर आपटून निघालं की खळ जाते, सूत मऊ पडतं, ओल चटकन टिपतं. शिवाय लुगडं एकदम विरत नाही. विरलेला भाग काढून दोन टोकांना दंड घातला की ते पुन्हा नेसता येई, आणि काढलेल्या तुकड्यातलं जे धड असेल ते बाळाच्या वाट्याला येई.

या तुकड्यांनी नुसतं कापड पुरवलं नाही, बेतही ठरवला, असं मला वाटतं. झबलं म्हणजे दुहेरी घडी, गळ्यापुरता काप आणि बांधायला बंद. कुंची तर त्याहून सोपी: लांबट पट्टी दुमडून डोक्याशी एक शिवण घातली की टोपी झाली, उरलेलं पाठीवर सोडायचं. गोल कापणी जवळपास नाही, म्हणून कातरणही नाही. बटण-काजांऐवजी बंद असल्यानं मूल वाढलं तरी अंगडं काही महिने पुरतं. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857च्या आवृत्तीत कुंची आणि टोपडं हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे शिवणयंत्र घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी हा बेत पक्का झाला होता.

यावर कुणी बाळंतविड्याकडे बोट दाखवील. त्यातली खणाची, जरीची कुंची कोऱ्या कापडाची आणि चांगली महागही असे. खरं आहे; पण गुळेदगुडचा खण मुळात कमी पन्ह्याचा, बाईच्या चोळीपुरता विणलेला. त्याची कुंची बेततानाही पट्टी तशीच दुमडायची आणि शिवण तिथंच घालायची. श्रीमंतीनं कापड बदललं, आकार बदलला नाही. दुसरा आक्षेप श्रद्धेचा: मूल जगावं म्हणून भिकू, धोंडू अशी नावं ठेवणारा समाज दृष्टीच्या भयानंही त्याला जुनं घालत असेल. असेल, पण नुसत्या भयापोटी घालायचं तर कुठलंही फाटकं चाललं असतं. निवड मात्र धुऊन मऊ झालेल्या सुताचीच होई.

म्हणूनच ही रीत मोडली ती सुबत्ता येण्याआधी, आईच्या अंगावरचं सूत गेल्यामुळे. नायलॉनची पाचवारी कितीही धुतली तरी जुनेर होत नाही. ती ओल टिपत नाही आणि तिच्या तुकड्याचा लंगोटही होत नाही.