पुण्याची उन्हाळी सहल: पाण्याच्या मागे मागे

आज आपल्याला बोलायचंय ते एका साध्या प्रश्नावर. मे महिना लागला, मुलांच्या परीक्षा संपल्या, घरी पाहुणे आले, की पुणेकर घराबाहेर कुठे पडतो? उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सारसबाग, पर्वती, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बंड गार्डन, खडकवासला, सिंहगड. आज आपण या ठिकाणांची यादी इतिहासाच्या नजरेनं वाचून बघणार आहोत.

आम्ही ही नावं एका कागदावर मांडली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यातलं जवळजवळ प्रत्येक ठिकाण मुळात पाण्यासाठी उभं राहिलंय किंवा पाण्याच्या आधारानं उभं राहिलंय. कुणीतरी शहराची तहान भागवण्यासाठी तिथे तळं बांधलं, ओढा अडवला, बंधारा घातला. सहल मागाहून आली. आपण जिला मजा म्हणतो, ती जुन्या पाणीव्यवस्थेच्या काठावर बसून केलेली मजा आहे. आणि म्हणूनच, शहरानं पाण्याचं काय केलं हे बघायचं असेल, तर आपली सहल कुठून कुठे सरकत गेली हे बघावं.

सुरुवात कात्रजपासून करू. पेशव्यांच्या काळात पुणं वाढायला लागलं, नव्या पेठा वसल्या. नदी होती, आड-विहिरी होत्या, पण उन्हाळ्यात ते पुरेना. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या घाटाखाली तळी बांधायचं काम हाती घेतलं. तिथून जमिनीखालून दगडी नळ काढला आणि तो थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. अंतर आठ किलोमीटरांच्या आसपास. पंप नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर आणि शहर उतारावर, एवढ्या एका गोष्टीवर सगळी योजना चालायची. वरच्या तळ्यात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात यायचं, आणि पुढे नळात. नळ म्हणजे आजच्यासारखा पाइप नव्हे बरं का; माणसाला आत उतरून गाळ काढता येईल एवढा तो बांधीव बोगदाच होता. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले, हवा खेळायला आणि साफसफाईला. हे पाणी वाड्यातल्या कारंज्यांना मिळालं, तसंच शहरातल्या सार्वजनिक हौदांनाही मिळालं.

आता गंमत बघा. पेशवे पार्क महापालिकेनं १९५३ मध्ये सुरू केलं. त्यातली फुलराणी १९५६ पासून धावायला लागली. पुण्यातल्या कितीतरी पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ आणि पहिली आगगाडी तिथे पाहिली. पुढे जागा अपुरी पडू लागली आणि तिथले प्राणी कात्रजला हलवले. म्हणजे आज मुलं ज्या तळ्याकाठच्या जागेत पांढरा वाघ बघायला जातात, ते तळं कधीकाळी शनिवारवाड्याचे हौद भरत होतं. मुलांना वाघ जरूर दाखवा. पण जाता जाता तळ्याकडेही एकदा बोट दाखवा, एवढंच आमचं म्हणणं.

पेशवे पार्कच्या शेजारी सारसबाग. तिथल्या गणपतीला जुने पुणेकर अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. नवीन माणूस विचारतो, तळं कुठाय? तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून मोठं तळं केलं होतं, मध्ये बेट, बेटावर बाग. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, तिथे गणपतीची स्थापना झाली. देवळात जायचं तर होडीतून जायचं. विसाव्या शतकात तळं आटवलं गेलं आणि त्या जागी आजची हिरवळ आली. आपण भेळ खात जिथे बसतो, तो तळ्याचा तळ आहे. पाणी गेलं, नाव मागे राहिलं.

ओढा मात्र गेला नाही. त्याचा प्रवाह पेशव्यांनी वळवला, पुढे शहरानं त्याच्या दोन्ही काठांवर घरं बांधली, पात्र आवळत नेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोरदार पाऊस झाला आणि हाच आंबिल ओढा लोकांच्या घरात शिरला. माणसं गेली, जनावरं गेली. सारसबागेच्या जवळून वाहणारा ‘नाला’ म्हणून ज्याच्याकडे आपण नाक मुरडतो, त्यानं त्या रात्री आपला जुना रस्ता मागितला.

वर पर्वतीवर चढा. १०३ पायऱ्या. उन्हाळ्यात पहाटेच चढावं, नऊनंतर दगड तापतो. देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ चं, म्हणजे कात्रजच्या कामाच्याच काळातलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी जून १७६१ मध्ये याच टेकडीवर प्राण सोडला. वरून शहराकडे बघताना पानिपताची आठवण सगळेच सांगतात. आम्ही म्हणू, जरा पायथ्याकडेही बघा. तिथे महापालिकेचं पर्वती जलकेंद्र आहे. खडकवासल्याचं पाणी तिथे शुद्ध होतं आणि शहरात जातं. अडीचशे वर्षांपूर्वीही पाणी याच पायथ्याशी साठवलं जात होतं, आजही इथूनच वाटलं जातं.

बंड गार्डनबद्दल थोडक्यात सांगतो. या नावातल्या ‘बंड’चा उठावाशी काही संबंध नाही. बंड म्हणजे बंधारा. फारसी-हिंदी ‘बंद’ इंग्रजांनी उचलला आणि आपल्याला परत दिला, तो आपण ओळखलाच नाही. मुळा-मुठेवरचा हा बंधारा १८५० च्या सुमाराचा. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे दानशूर पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. शेजारचा दगडी कमानींचा फिट्झजेराल्ड पूल १८६९ चा. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबलं, पाण्यामुळे बाग झाली, आणि बागेमुळे संध्याकाळी बग्ग्या यायला लागल्या. क्रम हाच, आधी पाणी आणि मग विरंगुळा.

आता खडकवासला. छावणीला पाणी हवं, शहराला हवं आणि पूर्वेकडच्या दुष्काळी शेतीलाही हवं, म्हणून इंग्रज सरकारनं मुठेवर दगडी धरण बांधलं. १८६९ ला काम सुरू, १८७९ ला पूर्ण. फाइफ नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ते झालं, म्हणून जलाशयाचं नाव ‘लेक फाइफ’. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी तयार केलेले स्वयंचलित दरवाजे इथे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

आणि मग १२ जुलै १९६१. त्या तारखेवर फार बोलायची गरज नाही, पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात ती तारीख माहीत असते. वर बांधकाम पुरतं न झालेलं पानशेत फुटलं, त्याचं पाणी खडकवासल्यात आलं, आणि तेही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला आणि शहरात प्यायला पाणी नाही अशी गत झाली, कारण नळाचं पाणी ज्या धरणातून यायचं तेच राहिलं नव्हतं. लोक पुन्हा विहिरी-आडांकडे वळले. एका दिवसात शहराला कळलं की आपण किती एकाच धाग्यावर लटकतोय.

धरण पुन्हा उभं राहिलं. आज टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून साधारण २९ टीएमसी पाणी साठतं, त्यातलं खडकवासल्यात जेमतेम २. वरच्या धरणांच्या पोटात गावं गेली, शेतं गेली. आपण काठावर गाडी लावून भाजलेलं कणीस आणि कांदाभजी खातो, तेव्हा समोर दिसतं ते उद्याचं पिण्याचं पाणी असतं. प्लॅस्टिकची बाटली तिथे भिरकावणारा माणूस ती आपल्याच माठात टाकत असतो.

तिथून पुढे सिंहगड. तानाजी मालुसऱ्यांची कथा आपण जाणतो. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात विश्रांतीसाठी गडावरच्या आपल्या बंगल्यात जाऊन राहत, हेही जाणतो. पण गडावर माणूस राहू शकला तो खडकात खोदलेल्या टाक्यांमुळे. देवटाक्याचं गार पाणी हा गडाचा खरा खजिना. झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही ही त्याच्या पुढची गोष्ट.

आता या सगळ्यात जे उरलं नाही, त्याबद्दल बोलायला हवं. पुण्याची सगळ्यात स्वस्त उन्हाळी करमणूक या यादीत नाहीच. ती होती नदीत पोहणं. ओंकारेश्वराच्या परिसरात आणि वरच्या डोहांमध्ये मुलं पोहायला शिकायची. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, काका-मामा पाण्यात ढकलायचे, चार दिवस नाकातोंडात पाणी, पाचव्या दिवशी पोरगं सूर मारायला तयार. तिकीट नाही, पोशाख नाही. गरिबाचं मूल आणि वाड्यातलं मूल एकाच डोहात. सगळ्यांना ती मुभा होती असं मात्र म्हणता येणार नाही. घाटावरही जातीच्या आणि बाई-पुरुषाच्या रेघा होत्याच. तरी पाणी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

मग वर धरणं झाली, उन्हाळ्यात खालचं पात्र कोरडं पडायला लागलं. त्यात सांडपाणी सुटलं. एका पिढीत नदी पोहण्याची जागा राहिली नाही, वास येतो म्हणून गाडीची काच वर करण्याची जागा झाली. म्हणून आपली सहल सरकत गेली. नदीकाठावरून धरणावर, धरणावरून पानशेतला, मुळशीला, आणि आता रिसॉर्टमधल्या निळ्या टाकीत. प्रत्येक टप्प्याला अंतर वाढलं आणि पैसे वाढले. ज्यांच्याकडे गाडी नाही, ते मागे राहिले. आणि दर उन्हाळ्यात धरणात कुणीतरी मुलं बुडाल्याची बातमी येते. बातमीत ‘पाण्याचा अंदाज आला नाही’ असं एक वाक्य असतं. अंदाज येणार कसा? ज्या शहरानं मुलांना पाण्यापासून दोन पिढ्या लांब ठेवलं, त्या शहरातली मुलं एकदम धरणाच्या काठावर जाऊन उभी राहतात. म्हणून हात जोडून सांगतो, धरणाच्या पाण्यात उतरू नका, काठावरूनच बघा.

समारोप करताना एक सुचवतो. या सुट्टीत एक दिवस काढा. सकाळी लवकर पर्वती चढा, उतरून सारसबागेत तळ्याच्या तळावर बसून डबा खा. तिथून कात्रजला जा, तळं बघा. ऊन कललं की खडकवासल्याला. आणि परत येताना मुठेवरच्या कुठल्याही पुलावर पाच मिनिटं थांबा. मुलांना विचारा, आज आपण चार ठिकाणी पाणी बघितलं किंवा पाण्याची जागा बघितली, त्यातल्या कुठल्या पाण्यात पाय घालावेसे वाटले? मुलं खरं उत्तर देतील. ते उत्तर ऐकून आपण काय करणार, हा प्रश्न मात्र मोठ्यांचा आहे.

इथे थांबतो.