एक यंत्र, अनेक पत्ते

एका सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डावर दोन, चार, दहा आयपी पत्ते नांदतात, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. या सोयीचे मूळ शोधायचे, तर आपल्याला सप्टेंबर १९८१ पर्यंत मागे जावे लागते. इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचा दस्तऐवज त्या महिन्यात निघाला. पत्त्याला ३२ बिट, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते, हे त्यातले कलम सर्वांना ठाऊक असते. एका यंत्राला अनेक यंत्रे असल्यासारखे वागता आले पाहिजे आणि एकेका जोडणीला अनेक पत्ते घेता आले पाहिजेत, ही तरतूदही त्याच दस्तऐवजात होती; तिच्याकडे मात्र पुढची कित्येक वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वज जाळे या प्रोटोकॉलवर आले. त्याच वर्षीच्या ४.२ बीएसडी प्रणालीने 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा रूढ केली, पण जोडणीमागे पत्ता एकच ठेवला. १९९३ च्या ४.४ बीएसडीपर्यंत आपण आलो, की याच आज्ञेला 'अलायस' जोडून दुसरा पत्ता देता येऊ लागलेला दिसतो.

खरी निकड वेबने आणली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाचे ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना कोणत्या संकेतस्थळाचे पान हवे, हे सांगतीलच असे नव्हते. पाकिटावर वाड्याचा पत्ता असावा आणि बिऱ्हाडकरूचे नावच नसावे, तशी ही गत. म्हणून एका सर्व्हरवर दहा संकेतस्थळे ठेवायची, तर दहा पत्ते लागत. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये 'इथ०:१', 'इथ०:२' अशी पोटनावे देऊन ते मांडले जात. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने मागणीत संकेतस्थळाचे नाव सक्तीचे केले आणि ही गरज ओसरली. सुरक्षित संकेतस्थळांची अडचण मात्र उरलीच, कारण नाव कळण्याआधीच प्रमाणपत्र दाखवावे लागे. त्यावरचा, नाव सुरुवातीलाच कळवण्याचा, तोडगा जून २००३ मध्ये प्रमाण म्हणून आला. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो कधीच समजला नाही, त्यामुळे जुनी पद्धत आणखी बरीच वर्षे चालली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि संकेतस्थळागणिक पत्ता ही चैन झाली.

मग अलायस का टिकला? माझ्या मते, पत्ता यंत्राचा नसून कामाचा असतो, हे त्याने सिद्ध केले म्हणून. एप्रिल १९९८ च्या व्हीआरआरपी या प्रोटोकॉलने तर एक राउटर बंद पडताच त्याचा पत्ता शेजारच्याने उचलण्याची रीतच घालून दिली.

हेच तत्त्व कारखान्यांतही दिसते. पैठण तालुक्यातल्या बिडकीनचे ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाले. अशा वसाहतीतल्या कारखान्यात अलायस आजही कामाला येतो. यंत्रांच्या पीएलसींमध्ये, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या नियंत्रकांमध्ये, सर्व्हरचा पत्ता भरलेला असतो. सर्व्हर बदलला म्हणून चालू लाइन थांबवून प्रत्येक पीएलसी उघडणे परवडत नाही. म्हणून जुना सर्व्हर आधी नेटवर्कवरून काढतात, मग 'आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड' ही आज्ञा देऊन त्याचा पत्ता नव्या सर्व्हरवर दुसरा पत्ता म्हणून चढवतात, आणि पत्त्याचा धनी बदलल्याची एआरपी घोषणा नेटवर्कवर सोडतात. हा क्रम चुकला आणि दोन्ही सर्व्हरवर तोच पत्ता क्षणभर जागा राहिला, तर काही यंत्रे नव्याशी बोलतात, काही जुन्याशी. पुढे देखभालीच्या सुट्टीत एकेका पीएलसीत नवा पत्ता भरला जातो, आणि शेवटचा पीएलसी झाला की अलायस काढून टाकतात.