संवेगाची कसोटी

पालीत ‘संवेग’ म्हणजे मनाला बसलेला हादरा. भौतिकशास्त्रात प्रथम तो वस्तुमान व वेग यांचा गुणाकार होता. वस्तुमान नसलेल्या प्रकाशकणालाही संवेग असतो, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये प्रतिपादिले. इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी वाढते, हे दाखवून कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये त्यास आधार दिला. तरीही १९२४ मध्ये बोर, क्रेमर्स व स्लेटर यांनी मांडले की, ऊर्जा व संवेग प्रत्येक टकरीत नव्हे, केवळ सरासरीने अक्षय राहतात. १९२५ मध्ये बर्लिन येथे वाल्थर बोटे व हान्स गायगर यांनी विखुरलेला किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी निघतात, हे प्रयोगाने दाखविले. बोर यांनी आपले मत सोडले. आचार्यांच्या थोरवीचे हेच खरे प्रमाण, असे आम्ही मानतो.