कॅमेऱ्याचा भार खांद्यावर घेताना...

कॅमेरा विकत घ्यायचा म्हटले की सेन्सर कोणता, लेन्स कोणती, चलच्चित्रण कसे होते, याची चौकशी महिनोन्‌महिने चालते. खोक्यातून निघणाऱ्या पट्ट्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो कॅमेऱ्याच्या कड्यांत ओवायचा आणि गळ्यात अडकवायचा, एवढाच त्याच्याशी संबंध. वास्तविक दिवसभराच्या कामात कॅमेरा डोळ्याला लागलेला असतो तो थोडाच वेळ. उरलेला बहुतेक वेळ तो या पट्ट्यावर लटकत असतो.

कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १ मीटरवरून निसटलेला कॅमेरा जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. त्या आघाताने लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणारी माउंटची कडी वाकू शकते, आतील भिंगे जागा सोडू शकतात. शिवाय पडून झालेले नुकसान उत्पादकांच्या नेहमीच्या हमीत बसत नाही. हौशी छायाचित्रकाराचा यात खिसा हलका होतो; लग्नसमारंभांवर उदरनिर्वाह करणाऱ्याचा मात्र ऐन मोसमातला रोजगार बुडतो. म्हणूनच पट्ट्याची निवड हा सोयीइतकाच सुरक्षेचा प्रश्न आहे.

गळ्यातून खांद्यावर

नेहमीचा पट्टा गळ्यात घातला की सारा भार मानेच्या मागच्या अरुंद भागावर येतो आणि कॅमेरा छाती-पोटावर आपटत राहतो. तोच पट्टा एका खांद्यावर नुसता अडकवला, तर तो घसरू नये म्हणून खांदा नकळत उचलून धरावा लागतो. दोन-तीन तासांनी मान अवघडते ती यामुळेच.

स्लिंग पट्ट्याची रचना वेगळी असते. तो जानव्यासारखा एका खांद्यावरून तिरका जाऊन दुसऱ्या बाजूच्या कमरेशी येतो. भार मानेवरून खांद्याच्या रुंद भागावर जातो, कॅमेरा कमरेशी विसावतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. शटरचे बटण उजव्या हाताला असल्यामुळे पट्टा डाव्या खांद्यावर आणि कॅमेरा उजव्या कमरेशी ठेवणे बहुतेकांना सोयीचे पडते. सिएटल येथील ब्लॅकरॅपिड कंपनीच्या पट्ट्यांमुळे २००० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार व्यावसायिकांमध्ये रूढ झाला. पुढे पीक डिझाइनसारख्या कंपन्यांनी वेगळ्या जोडण्यांचे पट्टे आणले आणि आज त्यांच्या नकलाही बाजारात मुबलक मिळतात.

आधी वजनाचा हिशेब

पट्टा निवडण्यापूर्वी आपण नेमके किती वजन वागवतो, हे पाहावे. कॅनन आर ५० आणि सोबतची १८-४५ मिमी लेन्स मिळून भार जेमतेम ५०० ग्रॅम होतो. सोनी ए ७-४ हा कॅमेरा ६५८ ग्रॅमचा; त्यावर २४-७० मिमी एफ २.८ ही दुसऱ्या पिढीची जीएम लेन्स लावली की एकूण १,३५० ग्रॅम. निकॉन डी ८५० आणि ७०-२०० मिमी एफ २.८ ही जोडी सुमारे २,४०० ग्रॅमची भरते. पक्षीनिरीक्षकांच्या आवडीची सोनीची २००-६०० मिमी लेन्स एकटीच २ किलोंहून जड आहे.

अर्धा किलोच्या कॅमेऱ्याला रुंद गादीचा पट्टा घेतला तर तो विनाकारण अडगळ होतो. अडीच किलोंच्या जोडीला अरुंद पट्टा लावला तर तो खांद्यात रुततो. आपल्याकडील सर्वांत जड लेन्स गृहीत धरूनच पट्टा घ्यावा. त्यावर नमूद केलेल्या कमाल वजनाच्या अगदी काठावर राहू नये, कारण जिना उतरताना किंवा धावताना बसणाऱ्या हिसक्यांचा भार स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो.

जोडणीच्या दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत पट्टा कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ट्रायपॉडच्या छिद्राला जोडतात. जगभरातील बहुतेक कॅमेऱ्यांना हे छिद्र पाव इंच व्यासाचे आणि इंचाला २० आटे असलेले असते, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा स्क्रू बसतो. स्क्रूच्या डोक्यावरील कडीत कॅराबिनर अडकवतात आणि तो पट्ट्यावर वरखाली सरकतो. कॅमेरा डोळ्यापर्यंत नेताना पट्टा खांद्यावर जागच्या जागी राहतो, कॅमेरा तेवढा वर येतो. वेगाने काम करणाऱ्यांना ही पद्धत भावते. कॅमेरा उलटा लटकतो आणि लेन्स मागच्या बाजूला वळते, त्यामुळे चालताना ती मध्ये येत नाही.

हिचे तोटेही आहेत. ट्रायपॉडवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा भार छिद्रावर दाबाने येतो. लटकत्या कॅमेऱ्यात तोच भार ओढ बनतो. सारे काही एकाच स्क्रूवर अवलंबून राहते. ट्रायपॉड वापरायचा तर तो काढावा लागतो आणि लहान कॅमेऱ्यांत बॅटरीचे झाकणही अडू शकते.

दुसऱ्या पद्धतीत पट्ट्याची दोन टोके कॅमेऱ्याच्या दोन बाजूंच्या कड्यांना, किंवा एक टोक बाजूच्या कडीला आणि दुसरे तळाला जोडतात. भार दोन ठिकाणी विभागला जातो. येथे मात्र कॅमेरा उचलताना संपूर्ण पट्टा खांद्यावरून सरकतो, म्हणून त्याची आतली बाजू गुळगुळीत हवी. जिथे घाई कमी आणि धोका अधिक, अशा गिर्यारोहणासारख्या ठिकाणी दोन जोडण्यांचा पट्टा श्रेयस्कर.

लेन्स जड असेल आणि तिला स्वतःचा ट्रायपॉड कॉलर असेल, तर पट्टा कॅमेऱ्याला न जोडता त्या कॉलरच्या पायाला जोडावा. अन्यथा दोन किलोंच्या लेन्सचा ताण माउंटवर पडत राहतो. अशा वेळी कॉलरचा स्क्रू घट्ट आहे ना, हे पाहणे ओघाने आलेच.

पट्टा कुठे दगा देतो?

पट्ट्याचे कापड तुटून कॅमेरा पडल्याची उदाहरणे क्वचितच आढळतात. दगा देतात त्या जोडण्या, आणि तेही बहुधा हळूहळू. तळाचा स्क्रू चालताना होणाऱ्या हालचालीने सैल पडू शकतो. त्याच्या डोक्यावरील कडी मोकळी फिरत असेल तर कॅमेऱ्याचा पीळ स्क्रूपर्यंत पोहोचत नाही. त्या कडीत धूळ-वाळू बसून ती अडकली की तोच पीळ स्क्रूला उलटा फिरवतो. म्हणून स्क्रूखाली रबराचा वॉशर असावा. तो तेलकट किंवा कडक झाला की बदलावा. कॅमेऱ्याचा तळ ज्या बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो, तेही अधूनमधून तपासावेत.

कॅराबिनर नेहमी कुलूपबंद होणारा, म्हणजे आट्यांची बाही फिरवून गेट बंद करता येणारा घ्यावा. नुसत्या स्प्रिंगचे गेट कमरपट्ट्याला किंवा जॅकेटच्या चेनला घासून उघडू शकते. आट्यांची बाहीदेखील हिसक्यांनी मागे फिरू शकते, म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असल्यास उत्तम. किल्ल्या अडकवण्यासाठी रस्त्यावर मिळणारे रंगीत कॅराबिनर या कामाचे नव्हेत.

बाजूच्या कड्यांत अनेकदा त्रिकोणी रिंगा असतात. त्यांची टोके फाकली आहेत का, कडीच्या धातूवर चर पडला आहे का, हे उजेडात पाहावे. काही पट्ट्यांत बारीक दोरीच्या फासाने जोडायच्या गोल चकत्या असतात. पीक डिझाइनच्या अशा चकत्यांची क्षमता कंपनी ९० किलो सांगते. तथापि दोरी झिजतेच. तिच्या आत वेगळ्या रंगाचे थर दिलेले असतात आणि ते दिसू लागले की चकती बदलायची, अशी ती रचना आहे.

तळाच्या एका स्क्रूवर भिस्त असलेल्यांनी एक जोड अवश्य घ्यावी : कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीपासून कॅराबिनरपर्यंत जाणारी छोटी मजबूत दोरी. स्क्रू निघाला तरी कॅमेरा या दोरीवर तरंगतो. किंमत नगण्य, उपयोग मोठा.

गादी, रुंदी आणि लांबी

गादी जितकी जाड तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. फार मऊ गादी वजनाखाली दबून चपटी होते आणि भार पुन्हा मधल्या पट्टीवरच येतो. खांद्याच्या वळणाप्रमाणे कापलेली, बेताची टणक आणि आतून न घसरणारी गादी अधिक उपयोगी. निओप्रीनची गादी ताणली जाते, त्यामुळे हिसका सौम्य होतो. पण जड कॅमेरा तिच्यावर चेंडूसारखा वरखाली होऊ लागतो.

सरकत्या पट्ट्यांत कॅमेरा वारंवार उचलल्याने गादी हळूहळू खांद्यावरून पाठीकडे किंवा छातीकडे जाते. काखेखालून जाणारी छोटी पट्टी ती जागेवर धरून ठेवते. कॅमेरा पाठीमागे घसरू नये म्हणून पट्ट्यावर अडथळ्याची बक्कलेही हवीत. तिरका पट्टा छातीवरून जात असल्याने स्त्रियांनी तो घालून, हात वर-खाली करूनच आराम पारखावा.

लांबीचे माप सोपे आहे. हात सहज खाली सोडला असता कॅमेऱ्याची पकड तळव्यात यावी. त्याहून खाली लटकणारा कॅमेरा प्रत्येक पावलाला मांडीवर आणि बसताना खुर्चीच्या कडेवर आपटतो. ज्यांना मान वा खांद्याचा जुना विकार आहे, त्यांनी पट्टा बदलून भागेल असे न समजता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोन कॅमेरे वागवणाऱ्यांनी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा दुहेरी पट्टा पाहावा.

घाम, पाऊस आणि गर्दी

आपल्या हवामानात कापडाचा विचार टाळता येत नाही. सुती पट्टा अंगाला सुखद. पण घाम शोषतो आणि उशिरा वाळतो. चामडे देखणे खरे, मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. नायलॉन मजबूत असते, पण ओले झाल्यावर किंचित ताणते. पॉलिएस्टर पाणी कमी शोषते. घामातील क्षाराने धातूच्या जोडण्या गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलला प्राधान्य द्यावे.

गणेश विसर्जन किंवा आषाढी वारीसारख्या गर्दीत पट्ट्याची लांबी कमी करून कॅमेरा कमरेवरून पोटाशी ओढून घ्यावा आणि लेन्सवर हात ठेवावा. मागे लोंबणारा कॅमेरा चोराला आणि धक्क्याला सारखाच सोपा. कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरवणाऱ्या पट्ट्यापेक्षा साधा काळा पट्टा बरा. पोलादी तार घातलेले पट्टेही मिळतात, ते कापणे कठीण असते. परंतु चालत्या वाहनावरून कोणी कॅमेरा हिसकावला, तर न तुटणारा तिरका पट्टा माणसालाच फरपटत नेऊ शकतो, याचे भान असावे. लोकलच्या गर्दीत आणि दुचाकीवर कॅमेरा पिशवीतच ठेवावा. लोंबता पट्टा चाकाशी गेल्यास अनर्थ ओढवतो.

सह्याद्रीतील शिडीच्या वाटा किंवा खडकाचे टप्पे चढताना कमरेशी झुलणारा कॅमेरा तोल बिघडवतो. अशा ठिकाणी तो पाठपिशवीत जावा, हेच योग्य.

दुकानात पारख

पट्टे काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. महाग तो उत्तम असे नाही. पण अगदी स्वस्त नकलांत स्क्रू आणि कॅराबिनर ओतीव, ठिसूळ धातूचे असू शकतात. शक्यतो स्वतःचा कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स घेऊन दुकानात जावे. पट्टा घालून पंधरा मिनिटे वावरावे. कॅमेरा वीस वेळा डोळ्याला लावावा, बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकावे, खुर्चीत बसून उठावे, जिना चढून उतरावे. गादी सरकली, बक्कल हाडावर टोचले किंवा कॅमेरा उचलताना पट्टा अडला, तर दुसरा पाहावा. शिवण दुहेरी किंवा चौकटीत फुलीची आहे का, पट्ट्याचे कापलेले टोक उसवत नाही ना, आणि स्क्रू-वॉशर सुटे मिळतात का, हेही विचारून घ्यावे.

रोजची तपासणी

निघण्यापूर्वी तळाचा स्क्रू हाताने किंवा नाण्याने आवळावा, कॅराबिनरची बाही फिरवून पाहावी, दोन्ही बक्कले ओढून पाहावीत. दिवसाच्या मध्यात स्क्रूवर पुन्हा एकदा बोट फिरवावे. स्क्रूला कायमचा घट्ट करणारा डिंक लावू नये. तो निघत नाही आणि कॅमेऱ्याच्या आट्यांनाही इजा होते. समुद्रकिनाऱ्यावरून वा धुळीतून आल्यावर फिरती कडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. मात्र त्याआधी पट्टा कॅमेऱ्यापासून वेगळा करायला विसरू नये. शिवण उसवलेला पट्टा घरी सुईदोऱ्याने दुरुस्त करण्यापेक्षा बदललेला बरा. या साऱ्याला मिनिटभराचा वेळ लागतो, आणि त्याची सवय नव्या पट्ट्याच्या पहिल्या दिवसापासूनच लावून घेतलेली बरी.