जांभळं लेबल आणि गप्प बसलेला विक्रेता

हेडफोन लावलेत ना? आज आधी एक कोडं घालतो, मग इतिहासात शिरू.

समजा, अमेरिकेतल्या एका माणसाने २०१० साली एका दुकानातून १९४० च्या दशकातलं एक जुनं कॉमिक विकत घेतलं. दुकानदार म्हणाला, ‘एकदम ओरिजिनल आहे, यावर काहीही काम केलेलं नाही.’ पावतीवरही तसंच लिहून दिलं. या माणसाने ते कॉमिक कपाटात जपून ठेवलं. आठ वर्षांनी पैशांची गरज पडली म्हणून विकायला काढलं, आधी तपासायला पाठवलं, आणि ते परत आलं जांभळं लेबल लावून. जांभळं म्हणजे ‘रिस्टोअर्ड’. कुणीतरी कधीतरी त्यात रंग भरलाय, कडा कापल्यात. किंमत धाडकन खाली आली. दुकानदार शपथेवर सांगतो की मलाही माहीत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तो खरं बोलतोय.

आता नुकसान कोणी सोसायचं? उत्तर मनात धरून ठेवा, शेवटाकडे परत विचारणार आहे.

मुळात हा माल आला कुठून ते बघू. जून १९३८ ही तारीख छापलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला मिळायचा. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले होते, पण ती रडकथा वेगळ्या भागाची. आपल्या कामाची गोष्ट अशी की हा कागद टिकण्यासाठी बनलेलाच नव्हता. स्वस्त न्यूजप्रिंट, दोन पिना, वर जरा चकचकीत कव्हर. मुलं वाचायची, गुंडाळून खिशात कोंबायची, मित्राला द्यायची. दुसऱ्या महायुद्धात तिकडे रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढिगाने कॉमिक्स गेली. जी उरली त्यातली बरीचशी फाटकी, पिवळी, पान सुटलेली.

मग १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट याने कॉमिक्सच्या भावांचं पुस्तक काढलं आणि पोरखेळाचा बाजार झाला. भाव ठरला की भाव वाढवायची युक्ती शोधली जाते, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. काही लोक खरोखर कसबी होते. चित्रांच्या संवर्धनाचं तंत्र वापरून ते कागद धुवायचे, फाटलेली जागा पातळ जपानी कागदाने आणि खळीने जोडायचे, उडालेला रंग भरायचे. आणि काही लोक मार्कर पेन घेऊन बसायचे. कव्हरच्या घडीवर पांढऱ्या रेघा पडल्यात? काळ्या पेनाने रंगवून टाक. कडा कुरतडल्यासारखी दिसतेय? ब्लेडने सरळ काप.

आता इथे थांबा, कारण पुढची सगळी भांडणं या वळणावरून निघतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चांगलं केलेलं रिस्टोरेशन ही अनेकांच्या लेखी अभिमानाची गोष्ट होती. जुनं घर डागडुजी करून ठेवावं तसं. जाहिरातीत व्यापारी ते मिरवायचे. आणि ज्याला मिरवायचं नव्हतं, तो सांगत नव्हता, कारण विचारणारेही कमी होते. हातोहात माल फिरत राहिला. पहिल्या मालकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसरा तिसऱ्याला सांगायला विसरला, चौथ्याला माहीतच नाही.

२००० साली सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. तुम्ही कॉमिक पाठवायचं, ते पानं मोजणार, कागद तपासणार, रंग-गोंद शोधणार, ०.५ ते १० मधला आकडा देणार आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवणार. याला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. साध्या कॉमिकला निळं लेबल, रिस्टोअर केलेल्याला जांभळं. पण या दोन रंगांनी बाजार उभा चिरला. निळ्याच्या तुलनेत जांभळ्याची किंमत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. काल ज्या कामाबद्दल शाबासकी मिळत होती, त्याचाच आज डाग झाला. ज्यांच्या कपाटात अशी कॉमिक्स वीस वर्षं पडून होती, त्यांना रातोरात कळलं की आपण काय घेऊन बसलोय.

साहजिकच लोक विक्रेत्याकडे परत गेले. आणि विक्रेत्याचा पहिला डायलॉग ठरलेला: ‘घेताना बघून घेतलं होतंस ना?’

हा डायलॉग फार जुना आहे हो. १६०३ सालचा इंग्लंडमधला एक खटला आहे, चँडलर विरुद्ध लोपस. एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला, बेझोअर म्हणून. बेझोअर म्हणजे बकरीसारख्या प्राण्याच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा आहे अशी तेव्हा समजूत होती, आपल्याकडच्या जहरमोहऱ्यासारखी. खडा बेझोअर नव्हताच. न्यायालय म्हणालं, सोनाराने ‘हा बेझोअर आहे’ असं नुसतं म्हटलं, हमी दिली नव्हती. खरेदीदार हरला. शंभर पौंड म्हणजे त्या काळी केवढी रक्कम! ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं’ या तत्त्वाचं हे गाजलेलं उदाहरण.

आता थेट १९३४ मध्ये या, कॅलिफोर्नियात. एफ्रेम झिंबालिस्ट हे त्या काळचे नावाजलेले व्हायोलिनवादक. एका वयोवृद्ध संग्राहकाकडे गेले, दोन व्हायोलिन उचलली, एकाला स्ट्राडिव्हेरियस म्हणाले, दुसऱ्याला ग्वार्नेरियस. म्हणजे व्हायोलिनमधली सगळ्यात मोठी दोन नावं. आठ हजार डॉलरला सौदा ठरला, दोन हजार रोख, बाकी हप्त्याने. पावतीवर ती नावं लिहिली गेली. नंतर कळलं की दोन्ही नकली, दोन्ही मिळून तीनशे डॉलरच्या वर किंमत नाही. म्हातारबुवांनी उरलेल्या पैशांसाठी दावा ठोकला. लक्षात घ्या, ते लबाड नव्हते. त्यांनाही ती अस्सल वाटत होती. नावं तर आधी खुद्द झिंबालिस्टच बोलले होते! तरीही न्यायालयाने विक्रेत्याविरुद्ध निकाल दिला. पावतीवर स्ट्राडिव्हेरियस लिहिलंय, म्हणजे स्ट्राडिव्हेरियस द्यायला हवं. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्नच नाही.

१६०३ ते १९३४ या काळात चाक पूर्ण फिरलं, बघा. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेत हाच विचार कलम म्हणून आला: विक्रेत्याने केलेलं वर्णन सौद्याचा पाया असेल तर तीच हमी. ‘गॅरंटी’ हा शब्द उच्चारावा लागत नाही, फसवायचा इरादाही लागत नाही. ‘कसलं भारी कॉमिक आहे’ ही झाली स्तुती, तिच्यावर दावा होत नाही. ‘यावर रिस्टोरेशन नाही’ हे झालं वर्णन. फरक एका वाक्याचा आहे, पण सगळं त्याच्यावर अडतं.

मग आपल्या कोड्यातला माणूस जिंकला म्हणायचा? थांबा.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याने न्यूयॉर्कच्या हॅमर गॅलरीतून व्ह्युयार या फ्रेंच चित्रकाराचं म्हणून एक चित्र घेतलं, ११,४०० डॉलरला. गॅलरीने अस्सलपणाची लेखी हमी दिली होती. वीसेक वर्षांनी विकायचं म्हणून तज्ज्ञाला दाखवलं, तर चित्र व्ह्युयारचं नाही. खटला झाला, १९८८ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल आला, आणि जोडपं हरलं. का? त्या व्यापारी संहितेत घड्याळ आहे. चार वर्षं. आणि ते घड्याळ दोष कळल्यापासून चालू होत नाही, माल हातात पडल्यापासून चालू होतं. तुम्हाला कळलेलं असो वा नसो. म्हणजे १९६५ लाच मुदत संपली होती, चित्र भिंतीवर छान टांगलेलं असताना.

मला हा नियम वॉशिंग मशीनसाठी ठीक वाटतो. मशीन चार वर्षांत बिघडायचं तर बिघडतंच. पण कॉमिक किंवा चित्र माणूस घेतोच जपून ठेवायला. त्यातला दोष बाहेर येतो तो विकताना, म्हणजे बऱ्याचदा दहा-वीस वर्षांनी. ज्या वस्तूंना हमीची गरज सगळ्यात जास्त, तिथेच घड्याळ सगळ्यात आधी बंद पडतं. दुसरी बाजूही आहे, नाही असं नाही. वीस वर्षांनी दुकानदाराने सिद्ध कसं करायचं की मी दिलं तेव्हा कॉमिकला पेन लागलेलं नव्हतं? मधल्या काळात कोणी रंगवलं असेल तर?

एक पळवाट मात्र आहे. दुकानदाराला माहीत होतं आणि त्याने लपवलं, असं दाखवता आलं तर मामला फसवणुकीचा होतो, आणि फसवणुकीचं घड्याळ साधारणपणे ती उघड झाल्यापासून धावतं. म्हणूनच या धंद्यातली खरी लढाई ‘माहीत होतं का’ यावर होते. आणि लबाड माणूस खोटं बोलत नाही, तो गप्प बसतो. सगळ्यात नीच प्रकार सांगतो: जांभळं लेबल लागलेलं कॉमिक घ्यायचं, प्लास्टिकची डबी फोडायची, लेबल फेकून द्यायचं, आणि कॉमिक साध्या पिशवीत घालून विकायला ठेवायचं. वर्णनात रिस्टोरेशनचा ‘र’ नाही. खोटं एक अक्षर नाही.

गप्प बसणं म्हणजे फसवणूक का? याचं उत्तर आपल्याच कायद्यात फार मजेशीर पद्धतीने दिलंय. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७. त्यात घोड्याची उदाहरणं आहेत. लिलावात घोडा विकला, विकणाऱ्याला माहीत होतं की घोडा सदोष आहे, काही बोलला नाही: फसवणूक नाही. पण घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापाने सांगायलाच हवं. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट समजेन’, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा काढून तिथे कॉमिक ठेवा, काही बदलावं लागत नाही. विचारा. लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, ‘यावर रंग, गोंद, कटिंग काही आहे का?’ असं विचारलंत की समोरच्याला गप्प बसायची सोय उरत नाही.

बरं, रिस्टोरेशन नेमकं कशाला म्हणायचं, यावरही एकमत नाही. प्रेसिंगचंच घ्या. उष्णता आणि दाब देऊन कव्हरच्या सुरकुत्या काढतात, इस्त्रीच म्हणा. बाहेरचं काही घातलं जात नाही म्हणून सीजीसी त्याला रिस्टोरेशन मानत नाही, निळं लेबल मिळतं. कित्येक जुन्या संग्राहकांना हे मान्य नाही. माझं मत विचाराल तर विक्रेत्याला माहीत असेल तर त्याने सांगावं, लेबल निळं असलं तरी.

आणि लेबल म्हणजे ब्रह्मवाक्यही नाही. २००० च्या दशकाच्या मध्यात कडा अगदी केसभर कापलेली कॉमिक्स निळ्या लेबलसह बाहेर आल्याचं उघड झालं होतं. २०२३ च्या अखेरीस तर डबीतली कॉमिक्सच बदलल्याचं प्रकरण निघालं, आत भलताच अंक आणि बाहेर खरं लेबल. अशा वेळी विक्रेता म्हणतो, मी लेबल विकलं, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आमचा ग्रेड म्हणजे आमचं मत. मधल्यामध्ये ग्राहक.

आपल्याकडे हे सगळं लांबचं वाटेल. पण ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आठवतात? तुम्हाला नसतील, घरी बाबांना किंवा मामाला विचारा. मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी काढली, मराठीतही, वेताळ घराघरात पोहोचला तो त्यातून. आता हे जुने अंक ऑनलाइन चांगल्या किमतीला विकले जातात. आपल्याकडचं ‘रिस्टोरेशन’ मात्र अस्सल देशी आहे. दहा-बारा अंक एकत्र बाइंडिंगला टाकायचे, बायंडर कटिंग मशीनवर तिन्ही कडा सपकन कापून चौकोनी करायचा, वर पुठ्ठा. नंतर कोणी तो खंड सोडवून अंक सुटे केले, पिना नव्या मारल्या, की झाला ‘मिंट कंडिशन’. फसवायचा हेतू बायंडरचा नव्हता, वाचणाऱ्याचा नव्हता. सुटा करून विकणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की कडा इतक्या सरळ का आहेत. त्याच्यासाठी १९३० चा मालविक्री कायदा आहे: वर्णन करून विकलं तर माल वर्णनाप्रमाणेच हवा. आपल्याकडे दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, पण फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मोजतात.

घेण्याआधी तुम्ही काय बघाल? त्याच मालिकेतला दुसरा अंक शेजारी ठेवून लांबी-रुंदी जुळवा. कव्हर उलटून आतून बघा, पेनाची शाई तिथे उमटलेली दिसते. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मिळतो ना, तो अंधारात मारा, नंतर लावलेला गोंद आणि रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. पिनांच्या जागी जादा भोकं आहेत का ते पाहा.

आता कोडं. दुकानदाराने लिहून दिलं होतं, म्हणजे चूक प्रामाणिक असली तरी जबाबदारी त्याचीच होती. पण आठ वर्षं गेली, चारची मुदत उलटली, फसवणूक नाही, म्हणून कायद्याने तो सुटला. त्याने पैसे परत करावेत का? मला वाटतं, करावेत. निदान नफा तरी. टॉर्च त्याच्याकडे होता, अनुभव त्याच्याकडे होता, आणि ‘काही काम केलेलं नाही’ या चार शब्दांचे पैसे त्याने घेतले होते. काही व्यापारी न सांगितलेलं रिस्टोरेशन निघालं तर केव्हाही परत घेऊ असं स्वतःहून लिहून देतात. तुमचं उत्तर वेगळं असेल तर कमेंटमध्ये भांडा, पण घोड्याचं उदाहरण वाचून मग भांडा. भेटू पुढच्या भागात.